वृत्तपत्रविद्येची पदवी : खर्च आणि परतावा

पदवी परीक्षांचे निकाल लागले की साताऱ्या-सांगलीकडील मध्यमवर्गीय घरांतून एकच प्रश्न चर्चिला जाऊ लागतो : पुढे काय? मराठी, इतिहास वा राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या आणि चार ओळी बऱ्या लिहू शकणाऱ्या मुलामुलींना अलीकडे वृत्तपत्रविद्येची वाट विशेष खुणावते. पुण्या-मुंबईच्या खाजगी संस्थांची गुळगुळीत माहितीपत्रके घरी येतात आणि शिक्षक किंवा कारकून असलेला बाप भविष्य निर्वाह निधीतून किती रक्कम काढता येईल याची चौकशी करू लागतो. मुलाची हौस आणि बापाची पुंजी यांचा हा प्रश्न असल्याने त्याकडे भावनेने नव्हे, हिशेबाने पाहणे इष्ट होय.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. संस्थेचे शुल्क म्हणजेच खर्च, अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक, शिकण्याच्या काळात जी मिळकत सोडून द्यावी लागते तीही खर्चातच धरली पाहिजे. उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. खाजगी संस्थेचे दोन वर्षांचे शुल्क ३ लाख रुपये. पुण्यात राहण्याजेवण्याचा खर्च दरमहा १०,००० प्रमाणे २,४०,०००. आणि तोच पदवीधर गावी एखाद्या पतसंस्थेत वा दुकानात दरमहा १२,००० मिळवू शकला असता असे मानल्यास बुडालेली मिळकत २,८८,०००. एकूण बेरीज ८,२८,००० रुपये होते. माहितीपत्रकात यांपैकी केवळ पहिला आकडा छापलेला असतो.

आता परतावा. पदवीमुळे या मुलाला, ती नसती तर मिळाले असते त्यापेक्षा, दरमहा ४,००० रुपये अधिक मिळू लागले असे समजू. म्हणजे वर्षाला ४८,०००. परंतु ८,२८,००० रुपयांवर ८ टक्के दराने वर्षाचे व्याजच ६६,२४० होते. याचा अर्थ, ही वाढ जन्मभर मिळाली तरी मुद्दल फिटणार नाही. दरमहा वाढ १०,००० असेल तर मात्र साधारण साडेदहा वर्षांत रक्कम वसूल होईल. कर्ज काढणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा : १० टक्के व्याजाने घेतलेल्या ५ लाखांचा सात वर्षांचा मासिक हप्ता सुमारे ८,३०० रुपये पडतो. उमेदवारीच्या काळात हातात पडणाऱ्या पगारातून हा हप्ता जाऊन खोलीचे भाडे कशातून द्यायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

शिक्षण ही भांडवली गुंतवणूक होय, हा विचार थिओडोर शुल्ट्झ व गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी रूढ केला. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली त्यात निराळा मुद्दा मांडला. उमेदवाराची कुवत मालकाला बाहेरून दिसत नाही, म्हणून पदवी ही कुवतीची खूण ठरते. वृत्तपत्राच्या कचेरीत या खुणेची मातब्बरी कमी असते, कारण तेथे काम उघड्यावर पडलेले असते. उमेदवाराने लिहिलेली एक बातमी वाचली की संपादकाला त्याचा वकूब कळतो. शिवाय डॉक्टराला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. बातमीदाराला कायद्याने काहीच लागत नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, परंतु त्याचा आर्थिक परिणाम असा की या व्यवसायाचे दार सर्वांना उघडे राहते आणि पगार खालीच राहतात.

पगाराला कायद्याचा आधार नव्हता असे नाही. १९५५ साली श्रमिक पत्रकारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारने २०११ साली अधिसूचित केल्या आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरविल्या. परंतु या संरक्षणासाठी पत्रकारिता हाच मुख्य व्यवसाय असावा लागतो आणि माणूस त्यासाठी नोकरीस असावा लागतो. तालुक्याच्या गावचा वार्ताहर बहुधा या व्याख्येत बसत नाही. त्याला मिळते ते किरकोळ मानधन आणि जाहिरातींवरील कमिशन.

मग ही पदवी निरुपयोगी समजावी काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. शासनाच्या माहिती खात्यातील पदांसाठी, तसेच महाविद्यालयात हा विषय शिकविण्यासाठी ती पात्रता म्हणून मोजली जाते. बदनामीचा कायदा, भाषांतर, संपादन, ध्वनिचित्रमुद्रण या गोष्टी शिस्तीने शिकलेला तरुण चाचपडत शिकणाऱ्यापेक्षा पुढे राहतो. हे शिक्षण सार्वजनिक विद्यापीठांतही उपलब्ध आहे. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूट या नावाने ओळखला जाणारा विद्यापीठाचा विभाग १९६४ पासून हे काम करीत आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरातही हा विषय शिकविते. म्हणून पदवीचा प्रश्न हा बव्हंशी तिच्या किमतीचा प्रश्न आहे. नोकरी न सोडता, २० हजार रुपयांत पुरा होणारा एखादा अभ्यासक्रम दरमहा अवघी २,००० रुपयांची वाढ देऊन गेला, तरी दहा महिन्यांत त्याचा खर्च भरून निघेल.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, या व्यवसायात खरा परतावा विषयाच्या ज्ञानाला आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. कोयनेतून विसर्ग किती, अलमट्टीची पातळी किती, पाणी सांगलीस पोहोचण्यास वेळ किती, हे समजून सांगू शकणाऱ्या बातमीदाराची किंमत तेव्हा सर्वांना कळली. उसाची रास्त व किफायतशीर किंमत साखर उताऱ्यावरून कशी ठरते, सहकारी बँकेचा ताळेबंद कसा वाचावा, उपसा योजनेच्या वीजबिलाचा भार कोणावर पडतो, हे जाणणारा तरुण ज्या कचेरीत जाईल तेथे टिकेल. हे ज्ञान वाणिज्य, कृषी, अर्थशास्त्र वा कायद्याच्या वर्गात मिळते आणि त्याला वृत्तपत्राबाहेरही बाजार असतो. गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. त्या काळी वृत्तपत्रविद्येचे अभ्यासक्रमच नव्हते हे खरे. परंतु १८८१ साली 'केसरी'चे पहिले संपादकपद त्यांनी सांभाळले ते अभ्यासाच्या बळावर. आज टेंभू हे नाव दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी देणाऱ्या योजनेमुळे अधिक परिचित आहे. त्या योजनेचा जमाखर्च वाचकांपुढे मांडण्यासही अभ्यासच लागतो.

हा केवळ एका घरापुरता प्रश्न नाही. मोबदला न मिळणारी उमेदवारी ज्यांना परवडते तेवढेच या व्यवसायात उरले, तर माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या व्यथा लिहिणार कोण? आणि जो वार्ताहर पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या जाहिरातीवर पोट भरतो, त्याने त्याच पुढाऱ्याच्या कारखान्याविषयी निर्भीडपणे लिहावे, ही अपेक्षा कितपत न्याय्य? २००९ च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा जो गदारोळ झाला, त्याच्या मुळाशी हेच अर्थकारण होते. स्वस्त वृत्तपत्राची किंमत वाचक अशा रीतीने दुसऱ्या मार्गाने चुकती करीत असतो.

म्हणून पालकांनी प्रवेशापूर्वी संस्थेला तीन गोष्टी विचाराव्यात. मागील तीन वर्षांतील विद्यार्थ्यांपैकी आज पत्रकारितेत किती जण आहेत? त्यांचा पहिला पगार किती होता? शिकविणाऱ्यांपैकी कितींनी प्रत्यक्ष वृत्तपत्रात काम केले आहे? उत्तरे आकड्यांत मिळाली नाहीत तर पुंजी हलवू नये. आणि विद्यार्थ्यांनी आधी वर्षभर एखाद्या स्थानिक दैनिकात पडेल ते काम करून पाहावे, एक विषय मुळापासून शिकावा, मग अल्प खर्चाचा अभ्यासक्रम निवडावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या मातीत 'कमवा आणि शिका' हा मार्ग घालून दिला. वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्याला त्याहून किफायतशीर मार्ग अर्थशास्त्रालाही सुचविता येणार नाही.