साखरेऐवजी काय वापरावे? बेकरीवाले, चहावाले व घरच्यांसाठी थोडा हिशेब

कर्जत व खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या एकापेक्षा जास्त आहेत. डोंगराच्या पायथ्याशी ठाकूर समाजाची घरे, खाली भाताची खाचरे आणि रस्त्यावर एखादे किराणा दुकान, असे त्यांचे स्वरूप. या वाड्यांवर कापड घेऊन जाणारे, शिवणकाम करणारे, पाव-बटर-नानखटाई पोचविणारे आमचे बंधू आहेत. पूर्वी या भागात गिऱ्हाईक खारी-नानखटाई ताजी आहे का, एवढेच विचारी. आता "शुगर फ्री आहे का?" हा प्रश्न वाडीवरच्या दुकानातही ऐकू येतो. घरोघरी कोणाची ना कोणाची "शुगर निघालेली" आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

गिऱ्हाईक मागते म्हणून बाजारात माल येतो, आणि माल आला की त्याबरोबर फसवणूकही येते. म्हणून साखरेच्या जागी वापरावयाच्या नैसर्गिक पदार्थांत कोणता कशासाठी चांगला, याचा विचार आम्ही येथे व्यापाऱ्याच्या नजरेने करणार आहोत.

आधी आपल्या गादीचा हिशेब

दुकानदाराला दिवसभरात आठ कप चहा सहज होतो. प्रत्येक कपात दोन छोटे चमचे साखर आणि एका सपाट चमच्यात सुमारे ४ ग्रॅम धरले, तर रोजची ६४ ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. महिन्याला ही जवळजवळ दोन किलो झाली. एक ग्रॅम साखरेत सुमारे ४ कॅलरी, म्हणजे रोज अडीचशेहून अधिक कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे की वरून घातलेली साखर एकूण आहाराच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि पाच टक्क्यांहून कमी असेल तर अधिक चांगले. दोन हजार कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम, छोटे सहा चमचे. आपण चहातच त्याच्या अडीचपट जातो. जेवण, शरबत, मिठाई यांची बाब तर निराळीच.

नैसर्गिक म्हणजे बिनकॅलरीचे नव्हे

येथे पहिला गोंधळ होतो. गूळ, खडीसाखर, डोंगरातला मध, खजूर हे सर्व नैसर्गिक आहेत. पण गुळाच्या कॅलरी साखरेइतक्याच भरतात, मधाच्या थोड्या कमी, आणि रक्तातील साखर तिन्हींनी वाढते. "आम्ही साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो," असे म्हणणाऱ्या मधुमेही माणसाने दुकान बदलले, उधारी तीच राहिली.

उलट सॅकरिनमध्ये कॅलरी नाहीत, पण ते नैसर्गिकही नाही. १८७९ मध्ये अमेरिकेत डांबरापासून निघणाऱ्या रसायनांवर काम करताना त्याचा शोध लागला. अॅस्पार्टेम व सुक्रॅलोज हेही कारखान्यात बनलेले पदार्थ होत. सुक्रॅलोज साखरेपासूनच बनते, परंतु त्यात क्लोरीन जोडलेले असते. ज्याला नैसर्गिक आणि बिनकॅलरीचे, अशा दोन्ही अटी पाळणारे हवे आहे, त्याच्यासमोर मुख्यतः तीनच नावे राहतात: स्टीव्हिया, मंक फ्रूट आणि एरिथ्रिटॉल.

तिघांची ओळख

स्टीव्हिया हे दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देशाचे झुडूप. तेथील ग्वारानी लोक त्याची पाने पिढ्यान्‌पिढ्या पेय गोड करण्यासाठी वापरत आले. जपानमध्ये त्याचा अर्क १९७० च्या दशकापासून खाद्यपदार्थांत वापरला जातो. पानातील गोड द्रव्ये शुद्ध केली की ती साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१५ मध्ये या शुद्ध द्रव्यांना ठराविक पदार्थांत वापरण्याची परवानगी दिली. दोष एकच, मागून जिभेवर ज्येष्ठमधासारखी कडवट चव राहते. जास्त घातले की ती अधिक जाणवते. या द्रव्यांतही प्रती आहेत. रेबॉडिओसाइड ए लिहिलेला माल साध्या स्टीव्हिओसाइडपेक्षा कमी कडवट असतो.

मंक फ्रूट हे दक्षिण चीनचे वेलीवरचे फळ. त्याचा अर्क साखरेच्या दीडशे ते अडीचशे पट गोड असून कडवटपणा कमी आहे. हिमाचल प्रदेशातील पालमपूरच्या सरकारी प्रयोगशाळेने त्याचे बियाणे २०१८ मध्ये चीनहून आणले व २०२१ मध्ये कुलू भागात लागवडीची चाचणी सुरू केली. मात्र हा माल महाग पडतो.

एरिथ्रिटॉल दिसायला थेट साखरेसारखे, पांढरे, दाणेदार. काही फळांत ते थोडे असते, पण बाजारातला माल मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चपासून काढलेले ग्लुकोज यीस्टने आंबवून तयार करतात. त्याची गोडी साखरेच्या साठ-सत्तर टक्के आणि एका ग्रॅमला फक्त ०.२ कॅलरी. ते बहुतेक सगळे लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते. तोंडात थोडा पेपरमिंटसारखा गारवा लागतो. एका वेळी फार खाल्ले तर पोट बिघडते.

"शुगर अल्कोहोल" म्हणजे दारू नव्हे

एरिथ्रिटॉलच्या पुड्यावर हे शब्द वाचून आमचे काही बंधू दचकतात. रसायनशास्त्रात एका विशिष्ट रचनेच्या पदार्थांना अल्कोहोल म्हणण्याची पद्धत आहे. एरिथ्रिटॉलने नशा येत नाही व ती शराब नव्हे. स्टीव्हियाची गोष्ट थोडी वेगळी आहे. पानांचा अर्क गरम पाण्याने काढतात, पण त्याचे स्फटिक शुद्ध करताना मिथेनॉल किंवा इथेनॉल वापरले जाते आणि तयार मालात त्याचा अंश किती चालेल याची मर्यादा मानकांत दिलेली आहे. याबाबत मसला सांगणे आमचे काम नाही. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी उलेमांना विचारावे आणि हलाल प्रमाणपत्र असलेला माल पाहून घ्यावा.

पुड्याची किनार वाचा

कापड घेताना आपण ताग्याची किनार पाहतो. वरून सुती दिसणारे कापड ६७ टक्के पॉलिस्टर निघते. स्टीव्हियाच्या पुडीचेही तसेच आहे. शुद्ध स्टीव्हिया इतके गोड असते की चिमूटभरही जास्त होते. म्हणून पुडी भरण्यासाठी त्यात लॅक्टोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा एरिथ्रिटॉल मिसळलेले असते. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच, आणि माल्टोडेक्स्ट्रिनही रक्तातील साखर झपाट्याने वाढवते. एका पुडीने फरक पडणार नाही, पण चमच्याने घालून शिरा केला तर पडेल. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत काय लिहिले आहे ते सोडा, मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते ती वाचा. यादीत जे पहिले लिहिलेले असते, तेच मालात सर्वांत जास्त असते.

भावही किलोवर पाहू नये, गोडीवर पाहावा. अडीचशे पट गोड असलेले ४ ग्रॅम शुद्ध स्टीव्हिया एक किलो साखरेची गोडी देते. एरिथ्रिटॉल मात्र त्याच गोडीसाठी जवळजवळ १,४०० ग्रॅम लागेल. दोन्हींची किंमत या मापाने लावली म्हणजे स्वस्त-महाग कळते.

भट्टीतला हिशेब

साखर भट्टीत फक्त गोडी देत नाही. ती पिठाला भर देते, ओलावा धरते, तुपाबरोबर फेटताना हवा कोंडते, माल खुसखुशीत करते आणि वरचा बदामी रंग आणते. नानखटाईचे साधे माप घेऊ: ५०० ग्रॅम मैदा, २५० ग्रॅम तूप, २५० ग्रॅम पिठीसाखर. साखर काढून फक्त स्टीव्हिया घातले तर एक ग्रॅम पुरते. मग उरलेल्या २४९ ग्रॅमची जागा कोण भरणार? असा घाणा बसतो व कडवट लागतो.

उपाय असा. २५० ग्रॅम एरिथ्रिटॉल मिक्सरमध्ये बारीक पिठी करून घ्यावे, कारण ते साखरेसारखे विरघळत नाही व थंड झाल्यावर त्याचे दाणे पुन्हा बांधतात. गोडी जी तीस टक्के कमी पडते तिच्यासाठी सुमारे ०.३ ग्रॅम शुद्ध स्टीव्हिया त्या पिठीतच एकजीव करावे. इतके बारीक वजन सोनाराच्या काट्यावरच होईल, म्हणून एकदम मोठा घाणा धरून मिश्रण तयार ठेवणे सोपे. वेलची, जायफळ यांनी कडवटपणा झाकला जातो. वरचा रंग येणार नाही. रंगाची वाट पाहत माल भट्टीत ठेवला तर तो करपट व कोरडा होईल. थोडी दूधपावडर किंवा बेसन घातल्यास रंगाला मदत होते.

पावात साखर मुळातच थोडी असते. यीस्टला स्टीव्हिया किंवा एरिथ्रिटॉलवर जगता येत नाही, म्हणून पावात हा खटाटोप करू नये. जिलेबी, गुलाबजाम यांच्या पाकासाठी तर ते निरुपयोगीच, एकतारी पाक त्यातून होत नाही. खीर, फिरनी, शीरखुर्मा यांत मात्र काम चांगले होते. घट्टपणा दूध, तांदूळ व शेवयांचा असतो, गोडी शेवटी भांडे उतरवून चाखत घालावी. चहा-शरबतासाठी स्टीव्हियाचे थेंब सोयीचे.

गिऱ्हाइकाशी खरे बोला

वरच्या नानखटाईच्या घाण्यात मैद्याच्या सुमारे १,८०० कॅलरी, तुपाच्या २,२०० आणि साखरेच्या १,०००. साखर पूर्ण काढली तरी पाच हजारांतील एक हजारच गेल्या. मैदा तसाच आहे आणि पोटात जाऊन त्याचेही ग्लुकोजच होते. तेव्हा "डायबिटीसवाल्यांनी हवी तेवढी खावी" असे सांगून माल विकणे म्हणजे मापात मारण्यासारखेच आहे. "साखर घातलेली नाही, मैदा आणि तूप आहे, दोनच खा," असे सांगावे. कोणत्या पदार्थात कोणते द्रव्य किती घालावे, हे मानकांत ठरलेले आहे. विक्रीसाठी माल काढण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावे व वेष्टनावर द्रव्याचे नाव लिहावे.

स्टीव्हियाच्या लागवडीत नफ्याची हमी देणारेही फिरतात. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि या झुडपाला पाणी साचलेले चालत नाही. भाताच्या खाचरात ते कुजेल. वाडीवरच्या शेतकरी मित्राला कोणी रोपे विकू लागला तर आधी कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात चौकशी करायला सांगावे.

तब्येतीच्या तीन गोष्टी

पहिली, जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितले की वजन कमी करण्याचा उपाय म्हणून अशी गोडी देणारी द्रव्ये वापरू नयेत. त्यात स्टीव्हियाही आले. आधीच मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही. दुसरी, त्याच वर्षी अमेरिकेतील एका संशोधनात ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त आढळले त्यांच्यात हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण जास्त दिसले. एरिथ्रिटॉलमुळेच तसे झाले हे त्यातून सिद्ध होत नाही, कारण शरीर स्वतःही ते थोडे तयार करते. तरी हृदयरोग्याने डॉक्टरांना विचारूनच ते वापरावे.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याची साखर कधी एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार येतो. रमजानमध्ये दुपारनंतर हा धोका वाढतो. अशा वेळी रोजा सोडून ताबडतोब खरी साखर, ग्लुकोज किंवा गोड शरबत द्यावे लागते. बिनसाखरेच्या शरबताने काहीच होणार नाही आणि त्यात जीव जाऊ शकतो. ज्या घरात व दुकानात सगळे "शुगर फ्री" झाले आहे, तेथेही साखरेची एक पुडी गल्ल्याजवळ ठेवा आणि नोकराला व मुलांना ती कशासाठी आहे ते सांगून ठेवा.

रोजच्या वापरासाठी आमची शिफारस अशी: चहा-शरबताला स्टीव्हिया, भट्टीला एरिथ्रिटॉल व स्टीव्हियाचे मिश्रण, ऐपत असेल तर मंक फ्रूट. त्याआधी चहातील साखर दर आठवड्याला पाव चमच्याने कमी करून पाहावी. जीभ महिन्या-दोन महिन्यांत सरावते, आणि त्यासाठी बाजारातून काहीच आणावे लागत नाही.