'बॅटररॅम' : पोलिसी बळाला आव्हान देणारे रॅप गीत

अमेरिकेत पोलिसी बळाच्या वापराविरुद्ध आवाज उठविणाऱ्या आरंभीच्या रॅप गीतांमध्ये 'बॅटररॅम'चा उल्लेख केला जातो. लॉस एंजेलिसलगतच्या कॉम्प्टन शहरातील तरुण गायक टॉडी टी याची ही पहिली 'सिंगल' ध्वनिमुद्रिका १९८५ मध्ये एपिक रेकॉर्ड्स या कंपनीने प्रकाशित केली.

बॅटररॅम हे नाव लॉस एंजेलिस पोलिसांच्या एका यंत्रावरून आले आहे. चिलखती वाहनाच्या पुढच्या भागाला १४ फूट लांबीचा पोलादी दांडा बसवून हे यंत्र तयार करण्यात आले होते. क्रॅक कोकेनची विक्री करणारे आपल्या घरांना लोखंडी दारे आणि गज बसवीत असत. आत शिरण्यास विलंब झाल्यास पुरावा नष्ट होतो, म्हणून भिंतच पाडावी, अशी पोलिसांची भूमिका होती.

फेब्रुवारी १९८५ मध्ये पकोइमा भागातील एका घरावर या यंत्राचा प्रथम वापर करण्यात आला. पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स त्या वेळी स्वतः उपस्थित होते. मात्र भिंत पडल्यानंतर आत स्त्रिया आणि आइस्क्रीम खात असलेली लहान मुले आढळली. अमली पदार्थ नाममात्रच हाती लागले. या कारवाईवर तीव्र टीका झाली.

टॉडी टी याने हे गीत प्रथम घरीच साध्या कॅसेटवर ध्वनिमुद्रित केले होते. कॅसेटच्या प्रती हातोहात खपल्या आणि 'केडे' या स्थानिक रेडिओ केंद्रावरून गीत प्रसारित होऊ लागले. त्यानंतर स्टुडिओत त्याचे नव्याने ध्वनिमुद्रण झाले. आपले घर चुकून अड्डा समजले गेले, अशी एका नोकरदार माणसाची तक्रार गीतात आहे. अमली पदार्थांचे विक्रेते आणि शहराचे महापौर यांनाही त्यात खडे बोल सुनावले आहेत.

हाच प्रश्न न्यायालयातही उपस्थित झाला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये 'लँगफर्ड' खटल्यात या यंत्राच्या सरसकट वापरास मनाई केली. घराची झडती घेण्याचे वॉरंट पुरेसे नसून, यंत्र वापरण्यासाठी दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. भिंत कोसळल्यास आतील निरपराध व्यक्तींच्या जिवाला धोका संभवतो, हा त्यातील कळीचा मुद्दा होता.

कॉम्प्टनच्याच 'एन. डब्ल्यू. ए.' या गटाने १९८८ मध्ये पोलिसांविरुद्ध अधिक जहाल गीत सादर केले. या गटाच्या जीवनावरील २०१५ च्या चित्रपटाच्या प्रारंभीच हे भिंत फोडणारे यंत्र दिसते.