स्वर्गमंडपातले आभाळ

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी आहे. १२व्या शतकात शिलाहारांच्या राजवटीत ते घडले. पुढे यादव राजा दुसरा सिंघण याने मंदिराला दान दिले. त्याचा संस्कृत लेख देवनागरीत असून इतर बरेचसे लेख कन्नडमध्ये आहेत. सीमाभागातल्या या देवळाला दोन्ही भाषा पूर्वीपासून आपल्याच वाटत आल्या आहेत.

प्रवेश होतो तो थेट स्वर्गमंडपात. ४८ खांबांचा हा मंडप मध्यभागी उघडा आहे. छत पडले असावे असे पाहणाऱ्याला आधी वाटते, पण गोल झरोक्याची कोरीव, नितळ कड पाहिली की तो मुळातच मोकळा ठेवल्याचे ध्यानात येते. झरोक्याभोवतीचा भार १२ खांबांच्या वर्तुळाने पेलला आहे आणि बरोबर खाली तेवढ्याच घेराची गोल शिळा बसवली आहे. वर्तुळाच्या आतल्या अंगाला कार्तिकेय आणि आपापल्या वाहनांवरचे अष्टदिक्पाल कोरलेले आहेत. महाराष्ट्रातल्या देवळांत असा दुसरा मंडप सापडणे कठीण. त्यापुढे सभामंडप, अंतराळ आणि गाभारा. उजेड पावलागणिक कमी होत जातो.

बाहेरून पाहावा तो गजपट्ट. पाठीवर देवता घेतलेले हत्ती रांगेने उभे आहेत, जणू सगळे देऊळ त्यांनीच तोलून धरले आहे. अनेकांच्या सोंडा तुटल्या आहेत. इतके कोवळे काम असे भंगलेले पाहून मन कळवळते.

शिवालय असूनही इथे नंदी नाही. सती माहेरच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली, म्हणून तो कर्नाटकातल्या यडूरला राहिला, असे भाविक सांगतात. तिच्या देहत्यागाने कोपलेला शिव तो कोपेश्वर. त्याला शांत करणारा विष्णू धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत.

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री मंदिरात दिवे लागतात. कार्तिकातला पूर्ण चंद्र या अक्षांशावर मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो, आणि चांदणे झरोक्यातून खालच्या शिळेवर उतरते. ते पाहायला लोक दुरून येतात.