काठावरच्या डोंगराची मोजदाद

धरणाचा अपघात म्हटला की आपल्या मनात १२ जुलै १९६१ चे पानशेत उभे राहते. मातीचा बांध खचला, पाणी सुटले आणि पुण्याच्या पेठांत शिरले. संकट बांधातच उत्पन्न होते ही समजूत त्या दिवसापासून आपल्याकडे इतकी दृढ झाली आहे, की भिंत जागच्या जागी उभी असतानाही तिच्याखालची गावे नाहीशी होऊ शकतात असे कोणी म्हटले, तर ते पुष्कळांना अतर्क्य वाटेल. परंतु पानशेतनंतर सव्वादोन वर्षांनी, ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री, उत्तर इटलीतील वायोंत येथे नेमके हेच घडले. मोंते तोक या डोंगराचा सुमारे २७ कोटी घनमीटरांचा उतार मिनिटभराच्या आतच जलाशयात उतरला. त्याने उसळवलेले पाणी २६१ मीटर उंचीच्या कमानी धरणावरून, माथ्यापेक्षा शंभराहून अधिक मीटर उंच उठून, पियावे नदीच्या खोऱ्यात कोसळले, आणि लाँगारोने व आसपासच्या वस्त्यांतील सुमारे दोन हजार माणसे प्राणास मुकली. धरण मात्र आजही उभे आहे.

जलाशयाच्या काठचा डोंगर अस्थिर का होतो, हे समजणे फारसे अवघड नाही. कोणताही उतार आपल्या वजनामुळे खडकांच्या थरांत निर्माण होणाऱ्या घर्षणाच्या बळावर टिकून असतो. जलाशय भरू लागला म्हणजे पाणी फटींतून व भेगांतून डोंगराच्या पोटात शिरते, त्याचा दाब थरांना आतून रेटू लागतो, आणि ज्या वजनावर घर्षण अवलंबून होते त्याचा काही अंश जणू उचलला जातो. चिकणमातीचा एखादा पातळ थर उताराच्याच दिशेने झुकलेला असला, तर मग वरच्या खडकाला धरून ठेवणारे फारसे काही उरत नाही. पाणी उतरवतानाही धोका टळत नाही. जलाशयाची पातळी झपाट्याने खाली येते, डोंगराच्या आतले पाणी मागे रेंगाळते, आणि बाहेरून मिळणारा पाण्याचा आधार मात्र गेलेला असतो. म्हणूनच भरण्याचा वेग आणि उपसण्याचा वेग, या दोहोंवरही मर्यादा घालावी लागते.

वायोंतच्या बाबतीत सर्वांत क्लेशदायक गोष्ट ही, की तेथे मोजदादीत कसूर झाली असे म्हणता येत नाही. धरणाचे अभियंते कार्लो सेमेन्झा यांचे चिरंजीव भूवैज्ञानिक एदोआर्दो सेमेन्झा यांनी जलाशय भरण्याच्या सुमारासच तोकच्या पायथ्याशी एका प्रचंड प्राचीन दरडीच्या खुणा दाखवून दिल्या होत्या. १९६० च्या शरद ऋतूत पाणी समुद्रसपाटीपासून ६५० मीटर पातळीजवळ पोहोचताच उतार दिवसाला साडेतीन सेंटिमीटरपर्यंत सरकू लागला, त्याच्या माथ्यावर सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग उघडली, आणि ४ नोव्हेंबरला सात लाख घनमीटरांचा एक तुकडा तळ्यात पडला. पाणी उतरवताच हालचाल मंदावली. डोंगरावर खुणांचे दगड होते, त्यांची दुर्बिणीतून नियमित मोजणी होत होती, पाण्याचा दाब मोजण्यासाठी विवरे खोदली होती, आणि प्रत्येक आकडा दप्तरात नोंदला जात होता.

पण आकड्यांवर जो अर्थ लादला गेला, तो घातक ठरला. १९६२ च्या अखेरीस पाणी ७०० मीटरपर्यंत चढवले, तेव्हा उतार पहिल्या खेपेपेक्षा बराच मंद सरकला. त्यावरून असा निष्कर्ष निघाला, की खडक प्रथमच भिजतो तेव्हाच काय तो हलतो, एकदा भिजलेला भाग पुन्हा तितका हलत नाही, आणि म्हणून पातळी वरखाली करून हा डोंगर हळूहळू, आपल्या इच्छेप्रमाणे, खाली उतरवता येईल. पाण्याची पातळी हा जणू त्या डोंगराचा लगाम आहे, अशी खात्री कारभाऱ्यांना वाटू लागली. १९६३ च्या उन्हाळ्यात पाणी ७१० मीटरपर्यंत नेले. त्या वर्षी पाऊसही भरपूर झाला होता, आणि तो वरून डोंगरात मुरून चिकणमातीच्या थरांखाली दाब वाढवीत असावा, हा मुद्दा पुढे १९८५ साली हेन्ड्रन व पॅटन यांनी तपशीलवार मांडला. सप्टेंबरच्या अखेरीस पाणी उतरवण्यास आरंभ झाला, तरी वेग कमी न होता वाढतच गेला. अखेरच्या दिवशी तो दिवसाला वीस सेंटिमीटरांवर पोहोचला. मला असे वाटते, की त्या आठवड्यात प्रत्येक आकडा जुना सिद्धान्त खोटा ठरवीत होता, आणि तरीही खालची गावे रिकामी करण्याचा हुकूम निघाला नाही.

येथे तिना मेर्लिन या पत्रकार स्त्रीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. काठावरच्या एर्तो गावातील शेतकऱ्यांची भीती तिने अपघाताच्या कितीतरी आधी वर्तमानपत्रातून मांडली, त्याबद्दल खोट्या व क्षोभकारक बातम्या पसरवल्याचा खटला तिच्यावर गुदरला, आणि १९६० मध्ये ती निर्दोष सुटली. जमिनीत पडणारी भेग प्रथम दिसते ती तेथे नांगर धरणाऱ्याला; त्याची साक्ष मोजणीच्या दप्तरात दाखल होत नसेल, तर ते दप्तर अपुरे समजले पाहिजे.

आज साधने पुष्कळ सुधारली आहेत. विवरात सोडलेला कलमापक केवळ पृष्ठभाग हलतो की नाही एवढेच सांगून थांबत नाही. नेमक्या किती खोलीवर थर सरकतो आहे हे तो दाखवतो, आणि वायोंतला हीच माहिती दुर्लभ होती. उपग्रहावरील रडार विस्तीर्ण काठाची काही मिलिमीटरांची हालचाल टिपते. जीपीएस स्थानके रात्रंदिवस जागी असतात. जपानच्या फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार वेगाचा व्यस्तांक काळाशी जुळवून काढला, की तो शून्याकडे केव्हा पोहोचेल यावरून कोसळण्याच्या वेळेचा अंदाज बांधता येतो. तथापि हा अंदाज हाती येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो. चीनमधील थ्री गॉर्जेस जलाशय जून २००३ मध्ये १३५ मीटर पातळीपर्यंत भरला आणि १३ जुलैलाच छिएनज्यांगफिंगची दरड एका उपनदीत कोसळून माणसे दगावली. तेथे आता पाणी दरवर्षी १४५ ते १७५ मीटरांच्या दरम्यान चढते-उतरते, म्हणजे काठाची परीक्षाही दरवर्षी नव्याने होते.

याउलट कॅनडात कोलंबिया नदीवरील रेव्हलस्टोक धरणाच्या वरच्या अंगास डाउनी नावाची सुमारे दीडशे कोटी घनमीटरांची प्राचीन दरड आहे, म्हणजे तोकच्या पाचपटींहून मोठी. तेथे १९८४ मध्ये पाणी भरण्यापूर्वीच डोंगराच्या पोटात बोगदे व निचऱ्याची विवरे खोदून आतल्या पाण्याचा दाब घटवण्यात आला, आणि त्यानंतर मोजणी सतत चालू ठेवण्यात आली. कोणत्या खोलीवर किती दाब आढळल्यास निचरा वाढवायचा, कितीपर्यंत हालचाल सोसायची, आणि तिच्यापलीकडे गेल्यास जलाशय उतरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहील, या गोष्टी पहिला आकडा नोंदण्यापूर्वीच लेखी ठरलेल्या असाव्या लागतात. कारण डोंगर सरकू लागल्यावर त्या ठरवायला बसले, तर वीजनिर्मितीचे नुकसान, बांधकामाचा खर्च आणि वरिष्ठांची प्रतिष्ठा ही सर्व मंडळी त्याच बैठकीला हजर असतात.