माडीवरची कचेरी

अष्टागरात वाडीच्या शिंपण्याची वेळ एके काळी रहाटाच्या बैलाच्या दमावर ठरत असे. हल्ली नागावच्या आमच्या भावकीतील एका घरी ती मुंबईच्या एका कंपनीच्या हिशेबखात्याच्या सोयीने ठरते, हे सांगितले तर कोणास अतिशयोक्ती वाटेल, पण मी ते प्रत्यक्ष पाहिले आहे. विहिरीवरचा पंप सुरू झाला की व्होल्टेज उतरते, व्होल्टेज उतरले की माडीवरच्या राउटरचा दिवा मिटतो, आणि दिवा मिटला की पुतणीची बैठक अर्ध्या वाक्यावर तुटते, म्हणून माझा चुलतभाऊ नऊच्या आत पोफळींचे पाणी उरकतो, आणि एखादे दिवशी उशीर झालाच तर “मिटिंग चालू आहे का गं?” असे खालून ओरडून विचारल्याशिवाय बटणाला हात लावीत नाही.

पुतणीचे काम पुरवठादारांची बिले तपासण्याचे. पडद्यावर खरेदीची ऑर्डर, माल पोहोचल्याची पावती आणि बिल असे तीन कागद शेजारी मांडून ती नग, दर आणि जीएसटी ताडून पाहते. जुळले तर मंजुरीस, न जुळले तर शेरा मारून परत. हेच बिल टाळेबंदीपूर्वी छापील कागदाच्या रूपाने पाच टेबलांवरून फिरे, प्रत्येक टेबलावर एकेक सही घेई, आणि शिपायाच्या हातून अखेर दफ्तरखान्यात विसावे. 2020 साली कागदाचे फिरणेच बंद पडले, तेव्हा वरिष्ठांच्या ध्यानात आले की त्या पाचांतल्या तीन सह्या केवळ आधीच्या सहीवर विश्वास ठेवून होत असत. आता दोन मंजुऱ्यांत काम भागते. घरून कामाच्या काटकसरीतला निर्भेळ लाभ म्हणावा तो माझ्या मते एवढाच, कारण येथे कोणाच्या पदरी भार न पडता एक निरर्थक शिरस्ता गेला.

जागेच्या बचतीचे तसे नाही. कंपनीने लोअर परळमधील आपल्या दोन मजल्यांपैकी एक सोडून दिला, त्याबरोबर भाडे, देखभालीचा आकार, वातानुकूलनाचे वीजबिल, पहारेकरी आणि चहापाणी हे सारे वहीतून उतरले. पण वहीतून उतरलेला खर्च नाहीसा झाला असे मानणे भाबडेपणाचे आहे. तो मांडव्याच्या धक्क्यावर उतरून नागावला आला. माडीवर इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी आली, एक जोडणी बंद पडली तर दुसरी असावी म्हणून इंटरनेटच्या दोन जोडण्या आल्या, पाठ धरू लागली तेव्हा खुर्ची आली, आणि महावितरणचे बिल तर घराच्याच नावे येते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, वाड्यांच्या वाड्या आडव्या झाल्या आणि खांब पडल्यामुळे गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. तेव्हा कचेरीतला जनरेटर हा कंपनीचा मामला आणि घरातली वीज हा नोकराचा, ही वाटणी सर्वांना नीट कळली.

शांघायच्या सीट्रिप या प्रवासकंपनीत 2010-11 मध्ये निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरून काम करण्याचा पद्धतशीर प्रयोग केला होता. घरून काम करणाऱ्यांचे काम 13 टक्क्यांनी वाढले आणि कंपनीचे माणशी वर्षाला सुमारे 2,000 डॉलर वाचले, हे आकडे व्यवस्थापक आवडीने सांगतात. त्या वाढीचा मोठा भाग विश्रांती आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळे मिळाला होता, हे सहसा सांगत नाहीत. शिवाय प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक एकटेपणाला कंटाळून आपण होऊन कचेरीत परतले. आपल्याकडे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 2020 साली असे जाहीर केले होते की 2025 पर्यंत एकावेळी 25 टक्क्यांहून अधिक नोकर कचेरीत लागणार नाहीत. 2023 मध्ये तिनेच सर्वांना परत बोलावले.

कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला चाकरमानी पुरवले आणि बदल्यात मनीऑर्डरी घेतल्या. आता चाकरी तेवढी गावी आली आहे, पण ती सर्वांची आलेली नाही. ज्या शिपायाच्या हातून ती छापील बिले फिरत असत तो मुरूडकडचा. त्याचे काम घरी नेण्याजोगे नव्हतेच, तेव्हा तो मजल्याबरोबरच कमी झाला. पुतणीला पगार आहे, आईच्या हातचे जेवण आहे, आणि पावसाची सर आली तर कॅमेरा बंद करून खळ्यातली सुपारी गोळा करायला धावण्याची मुभाही आहे. ती तक्रार करीत नाही, आणि तिने ती का करावी?

मात्र परवा आठवड्यातून दोन दिवस हजर राहण्याचा हुकूम आला, तेव्हा तिने जेवणे झाल्यावर कागद-पेन्सिल घेतली. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद. राहता राहिली मांडव्याची रो-रो बोट, नाहीतर वडखळवरून एसटी. रो-रोचे भाडे, पुढे भाऊच्या धक्क्यापासून टॅक्सी, रात्री उशीर झाला तर डोंबिवलीला मावशीकडे मुक्काम, अशा रकमा एकाखाली एक मांडून तिने बेरीज केली, आणि हुकूमनाम्याची दोन्ही पाने पुन्हा उलटून पाहिली. प्रवासखर्चाचे कलम कोठेच नव्हते. “विचारून बघ,” चुलतभाऊ म्हणाला. तिने त्याच रात्री ईमेल लिहिला.