उत्खननाचा हंगाम : प्रवराखोऱ्यातील काही अनुभव व बोध

सावेडीहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने साठेक किलोमीटर गेले की प्रवराकाठचे नेवासे येते. सामान्य मराठी वाचकास हे गाव ज्ञानेश्वरांमुळे ठाऊक असते. पुरातत्त्वाच्या अभ्यासकास मात्र तेथील 'लाडमोड' हे टेकाड आठवते. डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. शां. भा. देव व डॉ. अन्सारी यांनी 1954 ते 1956 या काळात तेथे उत्खनन केले. त्याच्या 1960 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाचे नावच 'इतिहासाकडून प्रागितिहासाकडे' या अर्थाचे आहे, आणि ते यथार्थ होय. पुस्तकातला इतिहास आदिमानवापासून सुरू होऊन आपल्यापर्यंत येतो. खणणाऱ्याला मात्र आधी मराठेशाही व मुसलमानी अमदानी, मग सातवाहन, त्याखाली ताम्रपाषाणयुगीन शेतकरी आणि अखेरीस नदीच्या गोट्यांतील दगडी हातकुऱ्हाडी, अशा उलट क्रमाने उतरावे लागते. हंगामावर प्रथमच निघालेल्या विद्यार्थ्याने हा क्रम मनात ठसवून घ्यावा.

हंगाम हा शब्द आपण शेतीकडून घेतला आहे आणि त्याची वेळही शेतीशीच बांधलेली आहे. पावसाळ्यानंतर काळ्या जमिनीला वाफसा येऊन ती थोडी सुकल्यावाचून चराच्या बाजू उभ्या राहत नाहीत. फाल्गुन-चैत्रानंतर ऊन असे तापते की मातीच्या थरांतील रंगभेद डोळ्यांना दिसेनासा होतो. मधले चार महिने कामाचे. त्यातही ज्वारीची काढणी सुरू झाली की मजूर शेताकडे वळतात. वेळापत्रक आखताना ही गोष्ट ज्याने ध्यानात घेतली नाही, त्याचा चर ऐन महत्त्वाच्या थरावर येऊन अडलाच म्हणून समजावे.

दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. छायाचित्रे सूर्य वर येण्याआधी घ्यावी लागतात. म्हणून पहाटेच्या थंडीत चर झाडून, कडा करणीने तासून ठेवायच्या. मग टिकाव, कुदळ, फावडे, घमेली अशी मंडळी कामास लागते. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. अनुभवी मजुराला माती आवाजावरून कळते. टणक जमिनीवर पडलेल्या टिकावाचा नाद वेगळा, नंतर कोणी खणून भरलेल्या खड्ड्यातील भुसभुशीत मातीचा वेगळा. पदव्युत्तर विद्यार्थ्याने पहिला आठवडा त्याच्याशेजारी बसून ऐकण्यात घालविला, तर तो वाया गेला असे मानू नये. उत्खननातील बहुतेक चुका या खड्ड्यांनीच होतात: वरच्या थरातून खाली उतरलेला खड्डा ओळखू आला नाही की सातवाहनकाळचे खापर ताम्रपाषाणयुगाच्या पिशवीत जाते आणि पुढची सारी अनुमाने बिघडतात.

जमिनींचेही तसेच. कुडाच्या भिंतीचे घर मोडले की मागे उरते ती चोपलेल्या मातीची वा चुन्याची पातळ जमीन आणि मेढींची गोल भोके. भोक म्हणजे खरे पाहता केवळ मातीच्या रंगातील फरक. कुदळीचा एक फटका पडला की घर नाहीसे. उत्खनन हे असे वाचन आहे की ज्यात वाचलेले पान त्याच क्षणी फाडावे लागते. म्हणूनच नोंदवहीला इतके महत्त्व.

नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनींखाली शंभराहून अधिक दफने मिळाली. त्यांतील बहुतेक लहान मुलांची. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले आणि आत कोवळी हाडे, असा हा प्रकार महाराष्ट्रात जोर्वे संस्कृतीच्या वस्त्यांवर सर्वत्र आढळतो. एका मुलाच्या गळ्याशी तांब्याचे मणी होते. मणी काढून, धुऊन, मोजून ठेवणे हा नेहमीचा क्रम. पण येथे मण्यांच्या भोकांत राहिलेला दोरा लक्षात आला आणि तो तसाच जपला गेला. तांब्याच्या क्षारांमुळे तंतू कुजविणाऱ्या जीवाणूंचे काही चालत नाही, म्हणून तीन हजारांहून अधिक वर्षे तो टिकला होता. तंतुतज्ज्ञ ए. एन. गुलाटी यांनी तो तपासून त्यात रेशीम व कापूस असल्याचा निर्वाळा दिला. पुढे पुणे जिल्ह्यातील चांडोली येथील अशाच मण्यांतून जवसाचा तंतू ओळखला गेला. नेवाशाचे रेशीम पुष्कळ वर्षे काहीसे एकाकी होते. 2009 मध्ये हडप्पा व चन्हुदडो येथील वस्तूंवरील रेशीमतंतूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ते तसे राहिलेले नाही. कोणा आईबापांनी मुलाच्या गळ्यात घातलेल्या माळेचा हा दोरा, संध्याकाळी खापरांबरोबर पाण्याच्या घमेल्यात पडला असता तर दहा मिनिटांत संपला असता.

याच्या उलट उदाहरण याच जिल्ह्यात, याच नदीकाठी आहे. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे 1974 मध्ये एका स्थानिक माणसाला झुडपाच्या मुळाशी खणताना चार ब्राँझमूर्ती सापडल्या: बैलजोडीचा रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा व रेडा. एकूण वजन साठ किलोग्रॅमहून अधिक. अशी संपत्ती दख्खनमध्ये दुसरी नाही. परंतु त्या कोणत्या थरात होत्या, कोणत्या जमिनीवर की कोणत्या खड्ड्यात, हे कोणी पाहिलेले नव्हते. त्यांचा काळ उत्तर हडप्पा मानावा की नाही, यावर विद्वानांत वाद झाला, आणि तेथे नंतर झालेल्या विस्तृत उत्खननानेही तो पुरता मिटला नाही. साठ किलो धातूपेक्षा एक वीतभर दोरा अधिक निश्चितपणे बोलतो, तो याच कारणाने.

एकच दाखला मात्र कधी पुरेसा नसतो. घोड नदीकाठच्या इनामगावी 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षे खोदाई झाली. प्रौढाचा एखादा सांगाडा पावलांवाचून मिळाला तर नांगर, उंदीर, पुढचा एखादा खड्डा, अशी दहा कारणे देता येतील. तेच पुन्हा पुन्हा दिसू लागले, तेव्हा पावले पुरतेवेळीच तोडली जात होती हे मान्य करावे लागले. मग चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसविलेला, पावले शाबूत असलेला पुरुष निराळा ठरला; तो वस्तीचा प्रमुख असावा असे अनुमान निघाले. आधीच्या नोंदी ढिल्या असत्या तर हा अपवाद अपवाद म्हणून ओळखूच आला नसता.

सायंकाळी खापरांच्या अंगणात बसण्याचा विद्यार्थ्यांना कंटाळा येतो, हे आम्ही जाणतो. धुतलेली खापरे चटयांवर पसरायची. प्रत्येकावर स्थळ, वर्ष, चर व थराचा क्रमांक काळ्या शाईने बारीक लिहायचा. जोर्व्याचे तांबडे, खणखणीत भाजलेले, काळ्या रेघांचे खापर बोटांनी वाजवून ओळखता येऊ लागले की कंटाळा थोडा कमी होतो. कोळशाच्या नमुन्याला हात लावू नये आणि चरात बिडीची राख झाडू देऊ नये, हेही याच वेळी पुन्हा एकदा बजावावे. कंदिलाच्या उजेडात लिहिण्याचे दिवस गेले, तरी दिवसाची नोंद त्याच रात्री पुरी करावी हा नियम गेलेला नाही.

गावाच्या भाषेत जुन्या वस्तीच्या राखट जमिनीला 'पांढरी' म्हणतात, आणि पांढरीची माती शेताला चांगली मानवते हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. प्रवराकाठची कित्येक टेकाडे याच कारणाने गाडी-गाडीने शेतांत गेली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. गावकऱ्यांशी बोलून, सापडलेल्या वस्तू त्यांना चरातच दाखवून, पुढील हंगामापर्यंत टेकाड राखावयास सांगणे एवढेच हाती असते. शेवटच्या आठवड्यात चर बुजवावयाचे. त्याची मजुरी अंदाजपत्रकात आरंभीच धरून ठेवावी, कारण त्या वेळी पैसे हमखास संपलेले असतात.