माहिती चौकट : दिशा दिसली की शाळा फळते

● परंपरा : कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 'कमवा आणि शिका' या तत्त्वाने तिथे अभ्यासाला श्रमाची जोड मिळाली.

● सातारा-सांगलीचा शेजार : देशातील पहिली सैनिक शाळा साताऱ्यात 1961 मध्ये सुरू झाली. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 पासूनचे, तर किर्लोस्करवाडीची औद्योगिक वसाहत 1910 पासूनची.

● गरज : सांगलीच्या विटा-आटपाडी भागातली अनेक मुले गलाई (सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) व्यवसायासाठी परप्रांतात जातात, साताऱ्याच्या माण-खटावमधली सैन्य-पोलीस भरतीची तयारी करतात. दोन्ही वाटा मानाच्याच. पण आयटीआय, पॉलिटेक्निक, नर्सिंग, कृषी पदविका हे पर्यायही वेळेत कळायला हवेत.

● शाळेला लाभ : कारखान्यात लेथवर टर्नर व्हर्नियर कॅलिपरने जॉबचा व्यास मोजताना पाहिला, की दशांश अपूर्णांक कशाला शिकायचे हे नववीतल्या मुलीला सांगावे लागत नाही. हेतू कळला की हजेरी, अभ्यास आणि विषयांची निवड, तिन्ही सुधारायला मदत होते.

● धोरण : राज्यात 2016 मध्ये दहावीसाठी कल चाचणी सुरू झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी स्थानिक कारागिरांसोबत दहा दिवसांचा दप्तराविना अनुभव सुचवला आहे.

● शाळेने काय करावे : आठवीपासून वर्षातून एक कारखाना किंवा आयटीआय भेट, माजी विद्यार्थ्यांशी गप्पा आणि पालकांसह समुपदेशन. चाचणीचा कागद हाती देऊन थांबू नये; त्यावर प्रत्येक मुलाशी बोलावे.